आडवा दांडा

गावाबाहेरच्या उद्यानाच्या तोंडाशी मोटारसायकली अडवायला लोखंडी दांडे बसवले होते, आणि तिची व्हीलचेअर त्यांच्यामध्ये अडकली. “ताईंना उचलून घेऊ का?” पहारेकऱ्याने तिच्या गॅरेजवाल्या नवऱ्याला विचारलं. “मी काय पोतं आहे?” ती कडाडली. नवरा नेहमीसारखा पुटपुटला, “जाऊ दे गं. तळं इथूनही दिसतंय.” आता तिचं डोकंच फिरलं. अपघातापासून थिएटर, बँक, भाचीचं लग्न, सगळीकडे त्याचं हेच ‘जाऊ दे’. “गाडीतून पाना आण,” ती म्हणाली. “अगं, लोक बघताहेत!” “बघू देत. आणतोस, की मी ओरडू?” त्याने निमूट आणला. पहारेकरी साहेबांना फोन लावत राहिला, नवरा गंजलेले बोल्ट फिरवत राहिला. अखेर मधला दांडा खणकन पडला. नवऱ्याने सवयीने खुर्चीला हात लावला. “हात काढ,” ती म्हणाली, आणि तळ्याकडच्या उतारावर तिने चाकं मोकळी सोडली.