दुसरी शिट्टी

किनाऱ्याच्या देखभालीचा निधी मंजूर करणाऱ्या बाई मनोऱ्यावर वही उघडून बसल्या होत्या. गेल्या हंगामात कुणाला पाण्यातून ओढून काढावं लागलं नव्हतं. म्हणून दोन जीवरक्षकांपैकी एकाचा पगार बंद करायचं घाटत होतं. थोरला जुना म्हणून राहणार. धाकटा, त्याच्या बायकोचा भाऊ, जाणार. तेवढ्यात लाल झेंड्यापलीकडे एक मुलगी कमरेएवढ्या पाण्यात शिरली. थोरल्यानं शिट्टी दातांत धरली. “दाजी, वाजवू नका,” मेव्हणा कानाशी पुटपुटला. “चार पावलं जाऊ द्या. मी आणतो ओढून. बाईंना दिसू तरी द्या.” तिथल्या पाण्याच्या ओढीचा नेम नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. थोरल्यानं जीव खाऊन शिट्टी फुंकली. मुलगी माघारी फिरली. बाईंनी वही मिटली. “एका शिट्टीत काम होतंय की.” मेव्हण्यानं गळ्यातली शिट्टी काढून त्याच्या हातात ठेवली. “ताईला तुम्हीच सांगा.”