धुराचा दोष

गाडीतून निळा धूर निघू लागला, त्याच सुमारास सुलोचनाबाईंचा खोकला वाढला. डॉक्टर छातीचा फोटो काढायला सांगत होते. त्या फोटोचं नाव निघालं की त्यांचे यजमान नागोराव घाईनं विषय बदलायचे. त्यांनी सगळा दोष धुराला दिला आणि गाडी गौलीगुड्याच्या मेकॅनिककडे नेली.

"रिंगां घिस गए साब, इंजन में तेल जलरा," म्हणत त्यानं इंजिन उतरवून पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा बदलल्या.

गाडी मिळाल्यावर नागोरावांनी बायकोला फिरायला नेलं. वाटेत उतरून सायलेन्सरपाशी वाकून पाहिलं आणि ते लहान मुलासारखे ओरडले, "बघ, धूर गेला! आता कशाला हवा फोटो?"


तोंडाला पदर लावून सुलोचनाबाई बराच वेळ खोकल्या. उबळ ओसरल्यावर नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "हो, पुष्कळ फरक पडला."