अकरा तास

कोण दिवसाला किती तास राबतं, याची सरकारी पाहणी करत सिहाम कासाब्लांकातल्या एका बंगल्यात आली. घरकामाचे तास विचारताच मालकीण लल्ला बतूल म्हणाल्या, "अकरा लिही. धुणं, भांडी, स्वयंपाक, लाद्या... कंबरडं मोडतं गं माझं!"

मागे साठीची मोलकरीण तामू ओणवी होऊन लाद्या पुसत होती.

"आणि ह्यांचे?"

"तामूचे? ती घरचीच आहे. तिला कसलं आलंय काम!"

सिहामने पुढ्यातला पुदिन्याचा चहा दूर सारला आणि ती थेट तामूकडे वळली. "मावशी, तुम्हीच सांगा."

तामूने फडकं पिळलं. "बाईसाहेबांनी सांगितले ना अकरा, तेच माझे. त्यांचे पाय चेपायचे दोन तास तेवढे धरायचे राहिले बघ."