सातवी नळी

“पिन हलत होती ना?” साहेबांनी पुन्हा विचारलं.

“हलत होती,” मिस्त्री म्हणाला.

रोलरचं बेअरिंग कोरडं पडून जाम झालं, दांडा तुटला आणि यंत्र चालवणारा मिस्त्रीचा मेहुणा, बहिणीचा नवरा, जागच्या जागी गेला. ग्रीस वाटणारा ब्लॉक मात्र शेवटपर्यंत चालू होता. ग्रीस जातंय हे दाखवणारी त्याची पिन आतबाहेर करत होती, म्हणून कोणाला शंकाही आली नाही.

त्या ब्लॉकचा स्वभावच हट्टी. पाळीपाळीने एकेका बेअरिंगला घास भरवायचा, आणि एकाचा घसा तुंबला की सगळ्यांनाच उपाशी ठेवायचा. मग यंत्र बंद आणि चालवणाऱ्याला बोलणी. यावर एक चोरवाट होती. तुंबलेल्या बेअरिंगची नळी सोडवून ठेवायची. ग्रीस खाली सांडतं, पिन खुशाल हलते, आणि ते एक बेअरिंग मुकाट मरतं.

जाम झालेल्या बेअरिंगची, सातवी नळी तशीच सोडवलेली सापडली. ही चोरवाट दोघांनाच ठाऊक होती, मिस्त्रीला आणि त्याने हाताला धरून शिकवलेल्या धाकट्या भावाला. मेहुणा तर ग्रीसच्या वाटेलाही जायचा नाही, हात बरबटतात म्हणायचा. आणि मिस्त्रीने नळीला हात लावला नव्हता.

“ज्याने हे केलं त्याचं तोंड मी जन्मात पाहणार नाही,” बहिणीने सकाळीच सांगितलं होतं. तेव्हा धाकटा मान खाली घालून उभा होता. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं, ताईवाचून त्याचं पान हलत नसे. मिस्त्रीने साहेबांकडे पाहिलं.

“नळी मी काढली,” तो म्हणाला.

साहेबांनी पोलिसांना फोन लावला. बहीण दारातच उभी होती. ती रडली नाही की ओरडली नाही.

“दादा, आजपासून तू मला मेलास,” एवढं म्हणून ती निघून गेली.

धाकटा धावत आत आला. मिस्त्रीने त्याला जवळ ओढलं. “तोंड उघडू नकोस. ताईला सांभाळ. तुझं पाप मी माझ्या डोक्यावर घेतलंय.”

“माझं?” धाकटा पांढराफटक पडला. “मी नाही काढली, दादा. यंत्र सारखं अडतं म्हणून भावोजी कावले होते, त्यांना मी फक्त युक्ती सांगितली.”