सभात्याग

"अध्यक्ष महाराज, आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या पोटावर पाय देताय तुम्ही," भोंगा गरजला आणि विरोधी बाकांवर धडाधड हात आपटू लागले.

सभागृहात त्याला सगळे भोंगाच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा, आणि खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचं. माइक बंद केला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता त्याचा. त्याच्या पक्षाचा विरोध म्हणजे ठरलेला खाक्या. भोंग्याने बोलायचं, सरकारवाल्यांनी डिवचायचं, मग भोंग्याने "चला" म्हणायचं आणि सगळ्यांनी घोषणा देत बाहेर पडायचं. पायऱ्यांवर कॅमेरे तयारच असत. मतदानात काय, हरणार ते हरणारच. निदान संध्याकाळच्या बातम्यांत तरी दिसावं.

आज मात्र प्रकरण थेट घरचं होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं करण्यासाठी ज्यांना नोकरी सोडावी लागली, त्यांना सरकारकडून दरमहा भत्ता मिळायचा. तो बंद करायचं विधेयक आलं होतं. भोंग्याच्या थोरल्या बहिणीचं घर त्याच भत्त्यावर चालायचं. दाजींना अर्धांगवायू झाला आणि तिने शाळेतली शिकवायची नोकरी सोडली, ती सोडलीच. आज दाजींपाशी शेजारणीला बसवून ती पहिल्यांदाच भावाचं काम बघायला आली होती. वर प्रेक्षकांच्या सज्जात, पहिल्याच रांगेत. त्यामुळे भोंग्याला दुप्पट चेव चढला होता.

त्यात मंत्रिमहोदय हसत हसत बोलून गेले की घरच्या माणसाची सेवा करायला पैसे कशाला लागतात, तिथे माया लागते. झालं! कागद भिरकावले गेले, बाक वाजले, कोण कोणाला काय म्हणतंय ते कळेना.

तेवढ्यात समोरून, सरकारच्याच बाकांवरून, एक डॉक्टरीणबाई उठल्या. अधिवेशन संपेपर्यंत तोंड न उघडणाऱ्या म्हणून त्या प्रसिद्ध. एका हातात कागद, आणि दुसऱ्या हाताने भोंग्याला थांबा, थांबा अशी खूण. भोंग्याला वाटलं, ही बाई आपल्याला गप्प करायला उठली, तेही ताईच्या देखत. त्याने तिथल्या तिथे सुनावलं, "बाई, खाली बसा. तुमचं ऐकायला कोणी आलेलं नाही." त्याची माणसं खो खो हसली. बाई तरीही बोलतच राहिल्या. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द काही पोचत नव्हता. भोंग्यापुढे कोणाचा टिकाव लागलाय?

त्याने वर पाहिलं. ताई खुर्चीतून उठून कठड्यापाशी आली होती, हात हलवत होती. त्याचा ऊर भरून आला. "चला," तो म्हणाला, आणि सगळा विरोधी पक्ष त्याच्यामागून घोषणा देत बाहेर पडला.

पायऱ्यांवर त्याची मुलाखत रंगात आली असताना आत मतदानाची घंटा वाजू लागली. कोणी लक्ष दिलं नाही. ते बाहेर पडले की ती वाजतेच. मग एक वार्ताहर मुलगी हातातल्या फोनकडे बघत म्हणाली, "पण साहेब, तुम्ही बाहेर का आलात? डॉक्टरीणबाईंनी आताच आत जाहीर केलंय, त्या आणि त्यांच्याच पक्षातले आणखी पाच जण विधेयकाच्या विरोधात मत देणार आहेत."

भोंगा पळत सुटला, पण तो दारापाशी पोचेपर्यंत घंटा थांबली होती. घंटा थांबली की सभागृहाची दारं लागतात आणि मतं मोजून होईपर्यंत कोणासाठीही उघडत नाहीत. दारावरच्या माणसाने हात जोडले. ओळखीचाच होता, पण नियम म्हणजे नियम. भोंगा काचेवर थापा मारत ओरडला. काच जाड होती. आत एकानेही मान वळवली नाही.

काचेतून सगळं दिसत होतं. डॉक्टरीणबाई आणि त्यांचे पाच जण हात वर करून उभे होते, आपल्याच पक्षाच्या शिव्या खात. त्यांच्यासमोर भोंग्याच्या पक्षाचे बाक ओस पडले होते. त्यांवर भिरकावलेले कागद तेवढे उरले होते. विधेयक मंजूर झालं. बाहेर पायऱ्यांवर जेवढे जण उभे होते, त्यांतले निम्मे आत असते तरी ते पडलं असतं.

ताई जिन्याने खाली आली, तेव्हा तो भिंतीला टेकून उभा होता. तिला बघताच तो भराभरा बोलायला लागला: कोर्टात जाऊ, मोर्चा काढू, सोडणार नाही. तिने ऐकून घेतलं. मग तिने सांगितलं की वर सज्जात कानाला लावायची यंत्रं असतात, त्यांतून तिला बाईंचा शब्द न् शब्द ऐकू आला होता. म्हणून तर ती उठली होती. तिला त्याला हाक मारायची होती. रखवालदाराने खाली बसवलं.

"बोललास मात्र छान," ती म्हणाली. ती हे मनापासून म्हणाली, आणि भोंग्याला तेच सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदाच तो पुटपुटला, "ताई, चुकलं गं माझं."

तिने त्याच्या दंडावर हात ठेवला.

"अरे, ते पैसे मला कशाचे मिळायचे? एका जागी बसून राहण्याचे. चीड येते, रडू येतं, उठून कुठेतरी निघून जावंसं वाटतं. तरी बसायचं. तुला आज तेवढंच करायचं होतं रे."