चित्रातले हात

"हा हार्प कुणाचा?" अधिकाऱ्याने दारातूनच विचारलं. त्याच्यामागे दोन शिपाई होते.

"माझा," ओदिल म्हणाली आणि तिने समोरच्या चित्राकडे बोट दाखवलं. पांढऱ्या झग्यातली ओदिल त्यात हार्प वाजवत बसली होती.

राजाचा शिरच्छेद झाल्यापासून पॅरिसमध्ये सरदार घराण्यांची धरपकड चालू होती. एका सरदाराची विधवा, ओदिलची मैत्रीण हेलोइज, आतल्या खोलीत लपली होती. हार्प तिचाच. एवढं मोठं वाद्य लपवता येईना, म्हणून ते आपलंच आहे असं भासवायला ओदिलने हे स्वतःचं चित्र काढलं होतं.

अधिकारी बराच वेळ चित्र न्याहाळत राहिला. "चेहरा हुबेहूब आहे. आता हात दाखवा बघू."

त्याने तिच्या बोटांची टोकं दाबून पाहिली. "तुमची बोटं मऊ आहेत, बाई. चित्रातल्या बोटांना तारांचे घट्टे आहेत."

ओदिलने हात मागे घेतला. चेहरा तिने आरशात पाहून काढला होता, पण हात हेलोइजचे. दिसेल तसं रंगवायची तिला सवय. घट्टे गाळायचं सुचलंच नव्हतं.

"कुणाचे हात हे?"

ओदिलची नजर नकळत आतल्या दाराकडे गेली. एक शिपाई तिकडे निघाला, तोच ते दार उघडलं.

"माझे," हेलोइज म्हणाली. "हिला सोडा."

"दोघींनाही न्या," अधिकारी म्हणाला. मग त्याने चित्राकडे पाहिलं. "आणि हेही घ्या. पण जपून, रंग अजून ओला आहे."