दलिचंद शेठांचा नियम

"आज तरी फॉर्म देऊ का, शेठ?" तारऑफिसच्या खिडकीतून नासीरने विचारले.

दलिचंदांचा हात कोटाच्या खिशापर्यंत गेला आणि तेथेच थांबला. मुंबईच्या एका कापड गिरणीचा शेअर सकाळपासून पुन्हा चढला होता. दलालास दोन ओळींची तार केली की काम झाले असते.

"नको. धुळ्याचे पत्र टाकावयास आलो होतो," ते म्हणाले.

चातुर्मासाच्या आरंभी त्यांनी जळगावच्या जैन स्थानकात महाराजसाहेबांसमोर नियम घेतला होता, की पर्युषणाच्या अखेरच्या दिवसापर्यंत, म्हणजे संवत्सरीपर्यंत, शेअरचा सौदा करणार नाही. त्यामागील कारण लज्जास्पद होते. मागील मंदीत त्यांनी पत्नीचा चंद्रहार तिला न विचारता मोडला होता. पडलेला भाव उद्या उसळेलच, या हट्टाने तो पैसाही त्यांनी त्याच पडत्या शेअरमध्ये ओतून बुडविला. आता धनकुंवरबाईंच्या माहेरच्या पाटल्या तेवढ्या उरल्या होत्या. मार्गशीर्षात कन्या राजकुंवर हिच्या हाती त्या घालून तिला धुळ्यास सासरी पाठवावयाचे होते.

जो बाजार पावसावर सट्टा खेळतो, तो असा नियम कसा सोडील? लीलाधर सटोडियाने त्यावरही सट्टा घेतला. नियम टिकेल, असे म्हणणारा कोणी मिळेना, म्हणून ती बाजू त्याने स्वतःच धरली.

बाहेर हमाल झुलाल हसला. "शेठ, करी टाका ना एक तार! बठ्ठा बाजार तुमनावर पैसा लाई बठेल शे. मना बी दोन रुपया शेतस."

दलिचंद मान खाली घालून चालू लागले. साऱ्या बाजाराने आपल्यावर पैसे लावले आहेत, आपली अब्रू हमालालाही दोन रुपयांची वाटते, हे शल्य घरापर्यंत त्यांच्या अंतःकरणात सलत राहिले.

धनकुंवरबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या.

"तारऑफिसात गेला होतात?"

"पत्र टाकायला."

"तेवढंच?"

"तेवढंच."

जेवताना त्या हळूच म्हणाल्या, "शेजारी सांगत होते, त्या गिरणीचा भाव फार चढलाय म्हणे. एखादे वेळी चंद्रहारही परत आला असता."

पत्नी आपली परीक्षा पाहत आहे, आणि तो तिचा अधिकारच आहे, असे दलिचंदांनी मनाशी मानले.

"उद्याही धुळ्याचं पत्र आहे," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यावरच्या पेटीत नका टाकू. तारऑफिसातूनच लवकर जातं."

पर्युषण लागताच धनकुंवरबाईंनी हातातल्या पाटल्याही उतरविल्या. "या दिवसांत त्याग करावा," एवढेच त्या बोलल्या. त्यांचे उघडे मनगट पाहून दलिचंदांचे डोळे भरून आले. आपल्या नियमाचा अर्धा भार ही साध्वी उचलीत आहे, असे त्यांना वाटले.

संवत्सरीच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी नासीरकडून फॉर्म मागून घेतला. दलालाचे नावही लिहिले. मग खिडकीच्या काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. तो चंद्रहार मोडावयास निघालेल्या दिवसाचाच चेहरा होता. त्यांनी फॉर्म फाडला आणि तुकडे खिशात घालून ते घरी परतले.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून आल्यावर त्यांनी पत्नीसमोर हात जोडले.

"मिच्छामि दुक्कडम्. क्षमा कर मला. तुझा हार मी घालवला. पण नियम टिकला, धनकुंवर."

धनकुंवरबाई भिंतीस टेकून खाली बसल्या आणि हुंदके देऊ लागल्या.

"वेडी! रडतेस काय? उद्या पाटल्या काढ. राजकुंवरला होतात का, घालून पाहू."

तेवढ्यात दारात लीलाधर येऊन उभा राहिला. त्यानेही हात जोडले होते, पण ते दलिचंदांसाठी नव्हते.

"वहिनी, आज क्षमेचा दिवस आहे, मोठ्या मनानं क्षमा करा. पण त्या पाटल्या आता माझ्या झाल्या. शेठ नियम मोडतील, यावर तुमच्याएवढं अख्ख्या बाजारात कोणीच लावलं नव्हतं."